एक दार सोडून

सबंध हॅकबेरी रिजच्या दारांवर टकटक झाली आणि सख्ख्या आजीचं दार तेवढं सोडलं, याला काय म्हणायचं? त्या रविवारी ऑर्फा डेल्कने हे नवऱ्याला पाच वेळा विचारलं. पाचही वेळा हॉबर्टने वर्तमानपत्राआडून नुसतं "हं" केलं. मग ती चुलीवर शिजणाऱ्या सफरचंदांनाच सांगायला लागली.

घडलं ते असं. तिची नात टेसा राज्याच्या मोठ्या विद्यापीठात राज्यशास्त्राची डॉक्टरकी करत होती. माणसं मत द्यायला का येतात आणि का येत नाहीत, एवढाच तिचा विषय. "का येत नाहीत ते मी सांगते, आळशी असतात म्हणून," असं ऑर्फाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, पण तेवढ्यावर पदवी मिळत नाही म्हणे. नोव्हेंबरच्या निवडणुकीत टेसाने आपल्या प्रयोगासाठी नेमकी हॅकबेरी रिजच धरली. दोन विद्यार्थी घेऊन आली आणि राहिली कुठे, तर वीस मैलांवर, काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या गावी, मोटेलात. आजीकडे पलंग रिकामा असताना! का, तर आजीकडे राहिलं की संशोधनाला बाधा येते.

"मला काय गोवर झालाय?" ऑर्फा म्हणाली होती.

तेही तिने गिळलं असतं. पण रविवारी विद्यार्थी दारोदार फिरणार हे कळल्यावर तिने धुतलेला एप्रन बांधला, ओसरीवर दोन खुर्च्या जास्तीच्या मांडल्या, कॉफी ठेवली. पन्नास वर्षांत रिजकडून ज्याला काही हवं होतं, मग तो शेरिफ असो की शाळेच्या मंडळावर बसू पाहणारा असो, तो आधी या ओसरीवर बसला होता आणि ऑर्फाने पुढे ठेवलं ते त्याने मुकाट खाल्लं होतं. आणि ती दोन पोरं, हातात यादी लावलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या घेतलेली, आधी डावीकडे रिग्जबींकडे गेली, ज्यांच्या घरात मत देणारा माणूस आजवर जन्मला नव्हता. तिथे चांगली दहा मिनिटं बोलली. मग ऑर्फाच्या फाटकावरून पुढे निघून उजवीकडच्या घरात शिरली. जाताना हात केला. हात! आगगाडीतून गाईगुरांना करतात तसा.

आणि यंदाची निवडणूक काही अशीतशी नव्हती. बंबखान्यातली अँब्युलन्स राहणार की जाणार, ते त्या एका दिवसावर होतं. तिच्या खर्चाचा कर मतदानात मंजूर झाला तर राहणार. नाही तर नव्या वर्षापासून रिजवर कुणाला काही झालं की ती काउंटीच्या गावाहून निघणार आणि वळणं घेत घेत चाळीस मिनिटांनी पोचणार. एप्रिलमध्ये हॉबर्ट गोठ्यात कोसळला तेव्हा ती नऊ मिनिटांत आली होती. डॉक्टर नंतर म्हणाला, पंधरा लागली असती तर माझी-तुमची ओळखच झाली नसती. ऑर्फा सहावीपर्यंत शिकलेली होती. नऊ आणि चाळीस यांतला फरक कळायला तेवढी शाळा पुष्कळ झाली.

मे महिन्यात हाच कर अकरा मतांनी पडला होता. नाही म्हणणारे पाऊस असो की चिखल, सकाळी साडेसहाला रांगेत उभे राहतात. हो म्हणणारे घरी बसून हो म्हणतात.

तिने टेसाला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये."

टेसा आली. दारातच उभी राहिली, आत यायला बिचकत होती.

"माझ्या दाराला काटे लागलेत का गं?"

"आजी, ऐक ना. संगणकाने चिठ्ठ्या काढल्यासारखी निम्मी घरं निवडली. त्यांच्याकडे जायचं आणि मतदानाला या म्हणून सांगायचं. कुणाला मत द्या ते नाही, फक्त या. उरलेल्या निम्म्यांकडे जायचंच नाही. मग कुठल्या घरांतली माणसं जास्त आली ते मोजायचं. तुझं घर न जायच्या बाजूला आलं. मी काय करू? खरं तर आत्ता तुझ्याशी बोलतेय हेसुद्धा..."

"हेसुद्धा काय?"

"काही नाही."

ऑर्फाने कढईतला मुरंबा ढवळला. "म्हणजे निम्म्या मक्याला खत घालायचं आणि निम्मा तसाच ठेवायचा."

"अगदी बरोबर!" टेसाचा चेहरा फुलला. "आमच्या सरांना इतकं सोपं करून सांगता येत नाही."

"समजलं म्हणजे पटलं नाही. खताने मका येतो की नाही?"

"येतो. पुष्कळांनी मोजलंय. पत्र पाठवलं तर फरक जेमतेम. फोन केला तर थोडा. दारात माणूस जाऊन उभा राहिला तर चांगलाच. आणि तुम्ही आलात की नाही ते शेजाऱ्यांना कळणार आहे, असं सांगितलं तर सगळ्यांत जास्त."

"हे शोधायला विद्यापीठ लागलं?"

"आजी!"

"बरं, लागलं. म्हणजे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून निम्मं शेत उपाशी ठेवतेस. आणि त्यात तुझ्या आजोबाची अँब्युलन्स गेली तर?"

टेसा हळूच म्हणाली, "मी आले नसते तर कुणाच्याच दारात कुणी गेलं नसतं. मी निम्म्यांकडे तरी जातेय."

हे ऑर्फाला पटलं. म्हणून तिला आणखीनच राग आला. तिने नातीला मुरंब्याची बरणी दिली आणि घालवून दिलं.

सोमवारी सकाळी तिने हॉबर्टच्या पिकअपची किल्ली घेतली.

कुणाकडे पोरं आली आणि कुणाकडे नाही, हे शोधायला तिला संगणक लागला नाही. पोस्टात दहा मिनिटं उभी राहिली, चर्चच्या स्वयंपाकघरात अर्धा तास. पुढचे नऊ दिवस ती रिजवर आणि खालच्या दोन्ही खोऱ्यांत फिरली. विद्यार्थी नुसतं "या" म्हणत होते. ऑर्फा म्हणायची, "मंगळवारी चारनंतर मी यादी वाचणार आहे." पुढे काही सांगायची गरजच नव्हती. मतदानाच्या दिवशी अकराला आणि चारला, येऊन गेलेल्यांची नावं बंबखान्याच्या दाराला लागतात. कुणी कुणाला मत दिलं ते नसतं, पण कोण आलं आणि कोण नाही हे शाळकरी पोरसुद्धा वाचतं.

"ऑर्फा मावशी, माझा गुडघा फार दुखतोय हो," खोऱ्यातला क्लीटस म्हणाला.

"मग तुला अँब्युलन्स लागेल. ये आणि मत दे."

रिग्जबींकडे विद्यार्थी आधीच जाऊन आले होते, तरी ती गेली, कारण शहरातल्या पोरांनी काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. दोनदा गेली. दुसऱ्या वेळी त्यांचा कुत्रासुद्धा भुंकला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी टेसा आली ती दार न वाजवताच आत घुसली.

"दोन वर्षं, आजी! दोन वर्षं मी या प्रयोगाची तयारी केली. समितीची परवानगी काढली, पैसे मिळवले. आणि आज मला पोस्टात कळतं की तू सगळ्या सोडलेल्या घरांना भेटून आलीस!"

"तुझी दोन वर्षं. तुझ्या आजोबाची एकोणऐंशी."

"मला मध्ये घेऊ नका," हॉबर्ट वर्तमानपत्राआडून म्हणाला.

टेसाने टेबलावर कागद पसरले आणि पेन्सिलीने एकेक घर खोडायला लागली. "हेही गेलं. हेही. टॉलिव्हरकडेसुद्धा गेलीस? तो तर दारात बंदूक घेऊन येतो."

"आला. मी म्हटलं, ठेव ती, कॉफी कर."

पेन्सिल एका जागी थांबली. "नेवा हप. तिच्याकडे नाही गेलीस."

ऑर्फाने भांडी आवरायला घेतली.

"आजी, टेकडीवरची नेवा. सगळ्या रिजवर एक तेवढीच राहिलीय. का?"

"ती नाहीच म्हणणार. मग कशाला आणायची?"

नेवा आणि ऑर्फा एकोणीस वर्षं मतदानाच्या दिवशी मतदारांची नावं तपासायला एकाच टेबलावर शेजारी बसायच्या. टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं लागतात, तर ऑर्फा इकडची आणि नेवा तिकडची. एकोणीस वर्षं एकाच डब्यातलं खाल्लं. मग बारा वर्षांपूर्वी नेवाने अंगणात तिच्या पक्षाची पाटी लावली. पाटी कसली, दरवाजाएवढा फळा. आणि तोंड कुठे, तर थेट ऑर्फाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. त्या वर्षी ऑर्फाने टेबल सोडलं, समोरच्या चर्चमध्ये मतदारांसाठी कोंबडी-नूडल रांधायला लागली, आणि नेवाशी बोलणं टाकलं.

"अँब्युलन्सला कुठे पक्ष असतो?" टेसा म्हणाली.

"नेवाला असतो. मला जे हवं ते तिला नको."

"हे तुला वाटतं. यावर अभ्यास झालेत, आजी. या देशात लोकांना धोरणबिरण फारसं माहीत नसतं, पण आपला गट कुठला ते पक्कं माहीत असतं. आणि समोरचा गट आपला किती राग करतो, असं दोन्हीकडच्यांना विचारलं तर प्रत्येक जण खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट सांगतो. तितका राग असतच नाही."

"नेवाला विचारलं होतं त्यांनी?"

"नाही."

"मग?"

टेसाने डोकं टेबलावर टेकलं. "मग तू जा आणि विचार."

"तूच जा की. पाटी घेऊन फिरतेस ना सगळीकडे."

"मला जाता येत नाही! ती न जायच्या बाजूला आहे!"

"आता त्या बाजूला एकटी ती आणि तिची मांजर उरली. एका घरावरून काय सिद्ध करणार आहेस?"

टेसालाही ते पटलं. आजीवरच गेली होती, म्हणून तीही जास्तच चिडली आणि दार आपटून निघून गेली.

मंगळवारी अँब्युलन्स बाहेर खडीवर काढून तिच्या जागी मतदानाची यंत्रं मांडली. ऑर्फा पहाटेपासून समोरच्या चर्चमध्ये नूडल लाटत होती. अकराची यादी लागली तेव्हा पीठ भरलेल्या हातांनीच रस्ता ओलांडून गेली आणि एकेका नावावर बोट ठेवत वाचली. क्लीटस आला होता. टॉलिव्हर आला होता. रिग्जबींची तर चार नावं होती, रिजच्या इतिहासात पहिल्यांदाच. चारची यादी लागली. ऑर्फा पुन्हा गेली. नेवा हप नव्हती.

"मी नाही बोलावलं तरी ती यायची," ती स्वतःशीच म्हणाली. "पस्तीस वर्षं एकही निवडणूक चुकली नाही तिची. टायफॉइड झाला होता तेव्हासुद्धा आली होती, आणि सगळ्यांना लांब उभं केलं होतं."

सहा वाजता हॉबर्ट नूडल खायला आला. त्याने ऐकलं, ताट संपवलं, तोंड पुसलं आणि वाकून बुटांच्या नाड्या आवळायला लागला.

"कुठे निघालास?"

"नेवाकडे. आजारीबिजारी असेल. बघून येतो."

नेवाच्या घरापर्यंत गाडी जात नाही. पायथ्याशी ठेवून खडीवरून चढून जावं लागतं, आणि ती चढण तरण्यालाही धापा टाकायला लावते. ऑर्फाला गोठा आठवला, हॉबर्टचा जमिनीला टेकलेला गाल आठवला, आणि ती नऊ मिनिटं.

"खाली बस," ती म्हणाली. "बसतोस की बांधून ठेवू?" आणि एप्रन काढला.

टेसा बंबखान्याच्या अंगणात यादी उतरवून घेत उभी होती. "गाडी काढ," ऑर्फाने तिला सांगितलं.

"मी नेईन. पण दार वाजवणार नाही. आणि तू काय बोलतेस तेही ऐकणार नाही."

"गाडी चालवणं तुझ्या प्रयोगात बसतं का?"

"आता काहीच कशात बसत नाही, आजी. चल."

पायथ्याशी टेसाने काचा वर केल्या आणि कानात बोटं घातली. सत्तावीस वर्षांची पोर! ऑर्फा दोनदा थांबत टेकडी चढली. तिने दार वाजवायच्या आधीच ते उघडलं. नेवा कोट घालून उभी होती, पर्स कोपराला, टोपी डोक्यावर.

"गाडी बिघडली?" ऑर्फाने विचारलं.

"नाही."

"बरं नाही?"

"ठणठणीत आहे."

"मग आली का नाहीस?"

नेवाने मागे हात करून खिडकी दाखवली. तिथून सबंध रिजचा रस्ता दिसत होता, प्रत्येक ओसरी, प्रत्येक फाटक. "नऊ दिवस बघत होते मी. तुझी पिकअप प्रत्येक घरी गेली. टॉलिव्हरकडे गेली. रिग्जबींकडे दोनदा. दोनदा, ऑर्फा! त्यांच्या कुत्र्याला माझ्याआधी विचारलंस. आणि माझ्या पायथ्यावरून जाताना एकदा हात केलास."

"केला नाही."

"गुरुवारी केलास."

केला होता. सवयीने. ऑर्फाला ते आठवलं, आणि ओसरीवरच्या त्या दोन जास्तीच्या खुर्च्याही आठवल्या.

"मी ठरवलं," नेवा म्हणाली, "सगळ्या रिजला बोलावणं आणि मला नाही, तर जायचंच नाही. पण कोट सकाळीच घातला. म्हटलं, अगदी शेवटी आली तर तयार असावं."

"साडेसातला बंद होतं."

"माहितीय. तुझ्याआधीपासून त्या टेबलावर होते मी. आणि मत काय देणार ते सांगणार नाही."

"मी विचारलं नाही."

"विचारायलाच तर आलीस."

"मी वेळ सांगायला आले. चल, नाही तर इथेच वाजतील."

दोघी एकमेकींच्या दंडाला धरून खडी उतरल्या, आणि उतरताना कुणीही कुणाला सांभाळ म्हणालं नाही. नेवा मागे बसली. आरशातून टेसाकडे बघत म्हणाली, "हीच ना ती? पाटी घेऊन माझ्या घरावरून पुढे गेली ती पोरं हिचीच ना?"

"हिचीच," ऑर्फा म्हणाली.

"शिकवलंय कुणी हिला?"

"आम्ही नाही. विद्यापीठाने."

टेसाने गाडी जरा जास्तच वेगाने वळवली. सात वाजून दहा मिनिटांनी नेवा आत गेली आणि बाहेर आली ती छातीवर मत दिल्याचं गोल चिकटपत्र लावून. समोर चर्चमध्ये गेली, नूडलचं ताट घेतलं, चव घेतली आणि म्हणाली, "मिरपूड कमी." बारा वर्षांत तिने ऑर्फाच्या हातचं खाल्लं ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. कराला हो म्हणणारे तीनशे चौदा, नाही म्हणणारे तीनशे बारा. अँब्युलन्स राहणार. हॉबर्टने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि आपली अंडी शांतपणे खाल्ली, एवढंच. ऑर्फा त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ एकच बशी धूत राहिली.

नऊच्या सुमाराला टेसा आली. डोळे लाल, काखेत संगणक. खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, पण ते हसणं बरं नव्हतं.

"रात्रभर हिशेब केला, आजी. आम्ही गेलो त्या घरांतून शंभरातली एकसष्ट माणसं आली. आम्ही गेलो नाही त्या घरांतूनही एकसष्ट. कळलं? माझ्या प्रयोगाचा निष्कर्ष असा, की माणसाच्या दारात जाऊन त्याला बोलावल्याने काहीही फरक पडत नाही."

"काहीही?"

"शून्य. आकडे तेच सांगतात."

"आणि नेवा?"

"नेवाचं एक मत. फरक दोन मतांचा. ती आली नसती तरी कर मंजूर झालाच असता. ती तर नाहीसुद्धा म्हणाली असेल. शास्त्राच्या दृष्टीने नेवाने काहीच बदललं नाही."

खिडकीतून टेकडी दिसत होती. नेवाच्या अंगणात कुणीतरी ये-जा करत होतं. तो दरवाजाएवढा फळा या वर्षी लागलेलाच नव्हता, हे ऑर्फाच्या आत्ता लक्षात आलं. किती वर्षांपासून नव्हता, देव जाणे. तिने त्या बाजूचा पडदा बारा वर्षं उघडला नव्हता. आज सकाळी उघडला होता.

तिने बशी पुसली, जागेवर ठेवली, हात कोरडे केले आणि नातीसमोर येऊन उभी राहिली.

"हे बघ टेसा, रडायचं ते नंतर रड, आधी ऐक. तू निम्मा रस्ता सोडलास, मी एक घर सोडलं. गाढवपणा दोघींचा एकच. फरक एवढाच, की तुला त्याची पदवी मिळणार आहे!"